जुन्या कॉम्प्युटरचा मंगळ

मांजर्लीतल्या विनिताकडे पत्रिका करायला येणारी माणसं खरं तर तिच्या कॉम्प्युटरकडे यायची. खोक्यासारखा मॉनिटर, करकरत छापणारा प्रिंटर, विंडोज अठ्ठ्याण्णव. पुराच्या धास्तीने टेबलाच्या पायांखाली विटा. नवरा गेल्यावर ती बटणं दाबदाबून पत्रिकेचं सॉफ्टवेअर शिकली होती. काही बिघडलं की सुट्या भागासाठी उल्हासनगर गाठायचं. तिथला दुकानदार हात जोडायचा, "भाभी, अब तो इसका श्राद्ध कर दो."

तीही कंटाळली होती. म्हणून तर लेकीने, नेत्राने, लॅपटॉपवर नवं सॉफ्टवेअर आणलं. चाचणी म्हणून विनिताने नेत्राचीच जन्मवेळ घातली.

मंगळ नव्हता.

जुन्यात होता. नेत्राची जन्मवेळ लग्नरास बदलण्याच्या अगदी काठावरची, आणि दोन्ही सॉफ्टवेअरांचं गणित जरासं वेगळं. एकाने तिला काठाच्या अलीकडे बसवलं, दुसऱ्याने पलीकडे.

"म्हणजे मी इतकी वर्षं उगाचच मंगळाची?" नेत्राने विचारलं. आवाज चढला नाही, तेच विनिताला जास्त लागलं.

अंबरनाथच्या सुयोगशी नेत्राचं जमलं होतं. त्याची आई मोतीबाई उद्या पत्रिका न्यायला येणार होती, आणि तिला मंगळाची सून नको होती.

"नव्यातली छाप ना आई."

"आणि शेजारच्या बनूबाईला काय तोंड दाखवू? तिच्या वेणूची सोयरीक जुन्यातल्या मंगळावरच मोडली. स्वतःच्या पोरीची वेळ आली की हिने कॉम्प्युटर बदलला, म्हणतील लोक."

"मग छाप जुन्यातली."

विनिताने दोन्ही कॉम्प्युटर बंद केले.

दुसऱ्या दिवशी मोतीबाईने लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "मना त्याच्यावरची नको गो. माझ्या थोरल्याची पत्रिका याच डब्यातून निंघाली. बघ, संसार कसा चाललाय!"

"यात मंगळ येतोय, मोतीबाई. नव्यात येत नाही," विनिताने सांगून टाकलं.

मोतीबाईने खुर्ची जवळ ओढली. "सुयोग जेवत नाय गो धड. हिच्याशिवाय करनारच नाय बोलतो." मग हळूच, "दवाखान्यातलं घड्याल मागं असंल. दोन मिन्टं पुढं घे ना."

हेच बनूबाईने रडत मागितलं होतं. माझ्या कॉम्प्युटरला खोटं चालत नाही, असं तेव्हा विनिता ऐटीत म्हणाली होती.

नेत्रा दारात उभी होती. काहीच मागत नव्हती.

विनिताने दोन मिनिटं वाढवली. प्रिंटर करकरला. मंगळ गेला.

मोतीबाईने कागद कपाळाला लावला. "मी सांगत होते ना! हा डबा टाकू नको हां, विहीणबाई. माझ्या भाच्यांच्या पत्रिका पन हितंच." जाताना ती बनूबाईकडे चहाला थांबली. दोघी मावसबहिणी.

संध्याकाळी बनूबाई दारात.

"तुझ्या कॉम्प्युटरला आता चालतं म्हणे," ती म्हणाली, आणि चपला काढून सरळ आत आली.

विनिताने तिला बसायला खुर्ची दिली आणि वेणूची जन्मवेळ विचारली.