हार्लन फोग्टचे बूट

आयोवातल्या एका लहानशा कॉलेजात हार्लन फोग्टने चौतीस वर्षं सकाळी वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि दुपारी कुस्ती. दोन्हीकडे चेहरा तोच, पंचनामा करायला आल्यासारखा. निवृत्तीच्या दिवशी तो मॅटच्या मधोमध बूट काढून ठेवणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. शेवटची कुस्ती झाली की पैलवान बूट तिथेच सोडून निघून जातो, असा तिकडचा रिवाज.

"माझी शेवटची कुस्ती झालेलीच नाही," हार्लन म्हणाला. "मला तो हक्क नाही."

खरंच होतं ते. बावन्न साली अंतिम कुस्तीच्या दिवशी आईचं मन मोडवेना, म्हणून त्याने अक्रोड घातलेल्या सफरचंदाच्या केकचे दोन घास खाल्ले होते. वजन केसभर जास्त भरलं आणि तो बाद झाला. समोरच्या वेंडेल स्कारला हात न लावताच पदक मिळालं. वेंडेल पुढे मक्याचं बियाणं विकू लागला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला पदक फुकटचं असल्याचं सांगू लागला. हार्लनच्या घरात तो केक पुन्हा झाला नाही.

"मग खेळ की आता!" बायको, आर्डिस, वैतागून म्हणाली. हार्लनने लगेच वेंडेलला फोन लावला.

"एकशे सदतीस पौंडांच्या गटात?" वेंडेल म्हणाला. "अरे बाबा, तेवढी माझी नुसती ढेरी आहे."

"तू हवा तसा ये. वजन माझं चुकलं होतं."

चौसष्टाव्या वर्षी हार्लन चार महिने गाजरं आणि उकडलेल्या अंड्यांवर राहिला. डॉक्टरांनी हात टेकले. वर्गात झाडांची पानं दाखवताना तो त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघतो, असं विद्यार्थी म्हणत.

निवृत्तीच्या दिवशी, कुस्तीआधी, वजनाच्या काट्यापाशी ड्वाइट पोल उभा होता. तो हार्लनचा साहाय्यक, आणि कधीकाळचा शिष्य. एकदा केसभर वजनासाठी हार्लनने त्याला घरी पाठवलं होतं. काट्याची दांडी वर जाऊन टेकली.

"बसतंय, कोच," ड्वाइट दुसरीकडे बघत म्हणाला.

"नीट वाच."

"कोच, आज कोण बघतंय?"

"मी बघतोय. वाच!"

"केसभर जास्त," ड्वाइट पुटपुटला.

हार्लन काट्यावरून उतरला. अंगावर काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. ड्वाइटला पहिल्यांदाच त्याचा चेहरा पडलेला दिसला. मग त्याने तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली, खालची काढली, दोन्ही ड्वाइटच्या हातावर ठेवल्या आणि पुन्हा काट्यावर चढला. दांडी हलली, डुलली आणि मधोमध थांबली.

"आर्डिशला दे," हार्लन बोळक्या तोंडाने म्हणाला.

कुस्ती अडतीस सेकंद चालली. वेंडेलने ढेरीसकट अंगावर येऊन त्याला अस्मान दाखवलं.

"सैल सोडू का रे?" त्याने कानात विचारलं.

"शोडलंश तर याद राख!"

पंचांनी मॅटवर थाप मारली. हार्लनच्या छातीवरचं बेचाळीस वर्षांचं ओझं उतरलं. वेंडेल उतरायला जरा वेळ लागला. हरल्याचा असा आनंद हार्लनला उभ्या आयुष्यात झाला नव्हता. त्याच्या बोटांना बुटाची गाठ सुटेना, तेव्हा वेंडेल धापा टाकत खाली बसला आणि त्याने ती सोडवली.

बूट मधोमध ठेवून हार्लन मोज्यांवर निघाला. कॉलेजच्या अध्यक्षांनी भाषणासाठी माइक पुढे केला. तो त्याने हाताने बाजूला सारला आणि थेट पहिल्या रांगेतल्या आर्डिसपाशी गेला. तिच्या मांडीवर रुमालात बांधलेल्या कवळ्या होत्या, शेजारी पत्र्याचा झाकणबंद डबा.

"केक?" त्याने विचारलं.

"आईंच्या पद्धतीचा. अक्रोड घालून."

"मग दात दे," हार्लन म्हणाला.