आमच्या गल्लीतली टाचणी

आमचे हे रक्ताच्या कॅन्सरने गेले तेव्हा धाकट्या दिराकडे राहणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, नशीब. जाऊबाई म्हणाल्या, तुमच्या नळाचं पाणी. मी दोघींना चहा दिला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पण कारण मला हवंच होतं. म्हणून आजारांची पाहणी करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांच्या खोलीत शहराचा भिंतभर नकाशा होता. या आजाराचा माणूस जिथे राहायचा, तिथे लाल टाचणी टोचायची, अशी त्यांची रीत. टाचण्या इकडे एक, तिकडे एक. आमच्या गल्लीत ह्यांची एकटीच.

"एकट्यादुकट्या माणसावरून कारण नाही हो सांगता येत," बाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "राहायचे कुठे, राहायचे कुठे, काय विचारता? घरी फक्त पाठ टेकायला यायचे. राहायचे त्या कारखान्यातच!"

"कसला कारखाना?"

"बुटांचा. तळ चिकटवायचे. सोल्युशनवर धूळ बसते म्हणून खिडक्या कायम बंद. शर्टालाही तोच वास. मी म्हणायचे, तुमच्याआधी तुमचा वास घरात येतो. तर म्हणायचे, मग चहा तेव्हाच टाकत जा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कारखान्याचं नाव लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं. बाकीच्यांच्या घरी, माणूस कामाला कुठे होता, ते त्या विचारून आल्या होत्या. माझ्यासमोर एकेक टाचणी उपटून त्यांनी कारखान्यावर टोचली. बघता बघता तिथे दाटी झाली. शेवटची आमच्या गल्लीतली.

"हे नशीब नव्हे, पाणीही नव्हे," त्या म्हणाल्या. "त्या सोल्युशनची वाफ. आम्ही प्रत्येकाला त्याच्या घरी मोजत बसलो, म्हणून दिसलंच नाही. आता त्यांना खिडक्या उघडाव्याच लागतील."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? ह्यांना सोबत मिळाली. मग आमच्या गल्लीकडे पाहिलं. तिथे नुसतं बारीक भोक उरलं होतं.

"बाई, इथे एक राहू द्या ना."

"एका माणसाला दोनदा नाही मोजता येत, ताई."

"बरोबर आहे," म्हटलं आणि निघाले.

घरी आले. सकाळी कुलूप मीच लावलं होतं, मीच काढलं. सवयीने दोन कप चहाचं पाणी ठेवलं.