अनंताचं औषध

आमच्यात देवाचं पाणी मोरीत ओतत नाहीत, कुंडीत ओततात. माझी बायको आशा होती तोवर गॅलरीत कुंड्याच कुंड्या, प्रत्येकीच्या वाट्याला घोटभर यायचं. ती गेली आणि माझ्या हातून एकेक झाड मेलं. उरला तिचा अनंत. मग देवाचं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं त्या एकट्याच्या बोडख्यावर. मी आपला खूश, की बायकोच्या झाडाची आबाळ होत नाहीये. आणि तो पिवळा पडत चाललेला.

सलोनीला, माझ्या मुलीला, फोटो पाठवला. ती बंगळुरूला असते. एरवी तिचा फोन रविवारी, तोही घाईघाईत. त्या दिवशी लगेच आला. म्हणाली, मुळं कुजलीत, पप्पा, बुडवलंत तुम्ही त्याला. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, तीन टक्केवालं. कपभर पाण्यात एक चमचा घालून मातीत सोडा, आणि देवाला म्हणावं, आता थोडे दिवस थांब.

केबिन रोडवरच्या मेडिकलवाल्याने विचारलं, चाचा, किधर लगा? म्हटलं, मेरे को नहीं, झाड को लगा है. हसला मेला.

संध्याकाळी तिने व्हिडिओ कॉल लावला. औषध ओतलं तशी माती सोडा ओतल्यासारखी फसफसली. कान लावून ऐका म्हणाली, आणि मी खरंच कुंडीला कान लावल्यावर खो खो हसत सुटली. आई गेल्यापासून तिचं असं हसू मी ऐकलंच नव्हतं. मग रोज फोन. आधी झाडाची चौकशी, मग माझं जेवण, मग तिच्या ऑफिसातली भांडणं. मी दुपारपासूनच फोन चार्ज करून बसायचो. वेडा म्हणा हवं तर.

एका सकाळी बघतो तर शेंड्याला पालवी, हिरवीगार. दुसरा कोणी असता तर नाचला असता. मी नाही. झाड बरं झालं की रोजचा फोन बंद, एवढं न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

म्हणून ठोकून दिलं, कॅमेरा बिघडलाय, झाड आहे तसंच आहे. दुसऱ्या दिवशीही तेच, नंतरही तेच. ती बिचारी कुठकुठलं वाचून रोज नवा उपाय सांगायची. कुंडी बदला, ऊन द्या. मी हो हो म्हणायचो आणि मनात म्हणायचो, बोल बाई, अजून बोल.

मग एकदा तिने नवा उपाय सांगितलाच नाही.

"पप्पा, जाऊ दे आता ते झाड," ती म्हणाली. "आईचं होतं म्हणून इतकं केलं. पण रोज फोन करून ते मरतंय हे मला नाही ऐकवत."

जगलंय गं ते, अगदी ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. मी नुसतं बरं म्हटलं.

फोन पुन्हा रविवारवर गेले.

आज सकाळी अनंताला फूल आलं. घरभर वास सुटलाय. तिचा फोन वाजला तेव्हा मी आधी गॅलरीचं दार लावून घेतलं, जसा काही वास बंगळुरूला पोचणार होता. तिने विचारलं, काय विशेष?

"काही नाही गं," मी म्हटलं. "तुझं सांग."