तेलात रुतलेला शनी

मित्रांनो, आधी नाक धरा, मगच जवळ या. मी एक जुनी सूर्यमाला आहे. आकाशातली नव्हे, शनिवार पेठेतल्या एका शाळेच्या जिन्याखालची. माझ्या अंगाला खवट तेलाचा वास येतो आणि त्याची मला स्वतःलाच किळस वाटते.

मला दीनानाथ सरांनी घडवलं. ते इथे विज्ञान शिकवत. ग्रह लाकडाचे, शनीची कडी पितळी पत्र्याची, चंद्र मण्यांचे आणि खाली सायकलची दातेरी चाकं. दांडा फिरवला की सगळे ग्रह आपापल्या चालीनं फिरत. गुरूभोवती चार मणी धावत. शनीजवळच्या मोठ्या मण्याकडे, टायटनकडे, बोट दाखवून सर म्हणत, "हा नुसता चंद्र बरं का, पण बुध ग्रहाहून मोठा! तेव्हा नुसत्या नावाला भुलू नका." मुलं हसत. तीस वर्षं मी मोठ्या तोऱ्यात फिरले.

मग वर्गात चित्रफिती दाखवायचा पडदा आला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. धूळ मी सोसली असती. पण एका शनिवारी शिपाई वैजनाथमामांनी माझ्या शनीवर वाटीभर तेल ओतलं. मुलीची दहावी होती, तिला गणिताची धास्ती होती म्हणे. ती पास झाली आणि माझे ग्रह फिरायचे थांबले. पुढच्या वर्षी पालकांची रांगच लागली. तेल काय, काळे उडीद काय, रुईच्या पानांच्या माळा काय! चांगली शिकलीसवरलेली माणसं, हातात मोटारीची किल्ली आणि अक्कल गहाण टाकलेली. उडीद चाकांच्या दातांत अडकून कुजले. तेलावर धूळ बसून काळा चिकटा झाला, झुरळांनी गुरूखाली संसार थाटला आणि टायटन त्या लगद्यात रुतला. शी!

शेवटी मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "फिरत असेल तर ठेवा. नाहीतर सोमवारी भंगारात."

विज्ञानाच्या अपूर्वाबाईंनी दांडा ओढून पाहिला. तो हलेना. चाकांची जुळणी ठाऊक फक्त दीनानाथ सरांना, म्हणून बाईंनी त्यांना फोन केला. माझ्या जिवात जीव आला.

आज सकाळी सर आले. पिशवीतून आता पाना निघेल, म्हणून मी वाट पाहत राहिले. निघाली तेलाची बाटली.

"सर, आपणसुद्धा?" अपूर्वाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"उद्या नातीची नीट परीक्षा आहे हो, डॉक्टरकीची. लाकूड आहे हे, मीच रंगवलंय, सगळं कळतं मला," सर खाली मान घालून म्हणाले. "पण भीती वाटते."

आणि त्यांनी बाटली रिकामी केली. बाईंनी फडकं पुढे केलं. सरांनी त्याला आपले हात पुसले, शनीला नमस्कार केला आणि दांड्याला न शिवताच ते निघून गेले.

इतरांची मला नुसती किळस येत होती. सरांची आली तेव्हा मात्र फार वाईट वाटलं.

मित्रांनो, परीक्षेची भीती मला समजते. पण माझ्या शनीनं आजवर कुणाचा अर्धा मार्क वाढवला नाही की कापला नाही. अपूर्वाबाई आता एकट्याच चिमट्यानं उडीद वेचत बसल्या आहेत आणि सोमवार काही लांब नाही. तेव्हा मला हात जोडू नका. बाह्या सरसावा, गरम पाणी आणि साबण घेऊन या, आणि बाईंना हातभार लावा.