भिंतीवरची फुली

चष्म्याच्या काचा घासायच्या त्या छोट्या कारखान्यात वहिनीला सगळेच वहिनी म्हणत, मालकसुद्धा. तिचा दीर, धाकला, तिथे चाकावर होता आणि त्याच्या तोंडी दिवसभर तोच शब्द. सासूबाई गेल्या तेव्हा तो एवढासा होता; वहिनीनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं, नवरा गेल्यावर हाताला धरून इथे कामाला आणलं.

तो काच घासायचा, ती तपासायची. समोरच्या भिंतीवर उभ्याआडव्या रेघांची काळी फुली रंगवलेली होती. डावा डोळा मिटायचा, काच उजव्या डोळ्यापुढे धरायची आणि फुलीकडे बघत हळूहळू सरकवायची. उजेड काचेत शिरताना वाकतो, बाहेर पडताना पुन्हा वाकतो. घासणाऱ्याचा हात सारख्या दाबाने फिरला असेल तर उजेड शिस्तीत वाकतो आणि रेघ सरळ राहते. कुठे हात जड पडला की रेघेला पोक येतं.

त्या वर्षी धाकल्याच्या काचांतून पोक दिसायला लागलं.

"ही परत घे. वाकडी आहे."

"अगं वहिनी, नीटच घासलीये."

"मला शिकवतोस? दिसतंय ना मला."

पॉलिशवाली खुसखुसली. "काल भाजीला नावं ठेवलीत वाटतं भाऊजींनी!"

वहिनी हसली नाही. घरच्या माणसाला पाठीशी घातलं असं कुणी म्हणू नये, म्हणून ती त्याच्याशी परक्यापेक्षा कडक वागू लागली. बाद काचांचा ढीग वाढत गेला. मालकाने त्यातली एकही उचलून पाहिली नाही; वहिनीचा शब्द त्याला पुरे होता. धाकल्याला त्याने चाकावरून उठवलं आणि खोकी बांधायला बसवलं.

"हात गेला माझा," धाकला ताटावर बसून म्हणाला. पंजे उलटेसुलटे करून बघत होता. "वडिलांना सुटला होता तसा कंप सुटलाय."

"कंपबिंप काही नाही. जेव मुकाट्याने."

पण काही दिवसांनी तो चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागला.

चाकावर नवा कारागीर आला. त्याची पहिलीच काच वहिनीने डोळ्यापुढे धरली, तर त्यातही पोक, आणि नेमकं त्याच जागी. तिने काच खाली घेतली. डावा डोळा मिटलेलाच राहिला होता. भिंतीवरची रेघ तशीच वाकडी. तिने उजवा मिटून डावा उघडला. रेघ सरळ झाली.

ती तशीच मालकाकडे गेली. त्याने ढिगातल्या काचा एकेक करून पाहिल्या आणि कपाळावर हात मारला.

"अहो, या तर चोख आहेत! डोळा दाखवून घ्या आधी. तोवर डाव्याने तपासा. आणि बोलवा त्याला."

धाकल्याने सगळं ऐकून घेतलं. "माझ्यासाठी म्हणतेयस."

"तुझ्या भावाची शपथ. माझाच डोळा खोटा निघाला रे."

तो चाकावर बसला, पाणी सोडलं, काच टेकवली. चाकाचा आवाज एका पट्टीत राहीना. मध्येच जाड व्हायचा, मध्येच चिरका. पॉलिशवालीने मान खाली घातली. धाकल्याने काच सदऱ्याला पुसून आणून दिली.

"बघ."

तिने उजवा डोळा घट्ट मिटला. डावा चांगला होता, अगदी निर्मळ. रेघ मधोमध मोडली होती.

तिने काच सरकवली, पुन्हा मागे आणली.

"सांग ना वहिनी."

मालकही जवळ येऊन उभा राहिला.

"माझ्या डोळ्याचं आता काय खरं," ती म्हणाली आणि काच मालकाच्या हातात दिली. "तुम्हीच बघा."

मालक भिंतीकडे वळला. तो काही बोलायच्या आधीच धाकल्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.