वळणापुढचं ठाणं

पडद्यावर एक लाल गाडी घाट चढत होती. खाली दरीत ढग, वर बर्फ, आणि डोंगराची सावली गाडीच्या टपावरून सरकत मागे जायची. मी नेवाशात घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवते, आत काय यंत्रणा असते ते मला ठाऊक आहे, तरी त्या सावलीपुढे माझी मती गुंग व्हायची. कुणी चित्र काढून ठेवलेलं नव्हतं. गाडी जशी वळेल तसा अख्खा डोंगर त्याच क्षणी नव्याने काढला जात होता.

"हे कोन काढतंय?" तात्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"आत एक कार्ड आहे, ते काढतं."

"एवढ्या चपळाईनं?" तात्या कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. "लई मोठा कलाकार हाय मग."

तात्या म्हणजे माझे वडील, रंभाजी. उभी हयात त्यांनी टेम्पो चालवला. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून गुरं भरायची आणि शुक्रवारच्या बाजाराला घोडेगावात उतरवायची. आदल्या साली घाट चढतानाच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. टेम्पो कड्याला घासत थांबला म्हणून माणूस हाती लागला, पण डावा हात आणि डावा पाय गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन रोज चाला, पाय परत येईल. तात्यांनी काठीला हातसुद्धा लावला नाही. "देवानं बशिवलंय, तर बसतो," एवढंच म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला असा संताप यायचा की विचारू नका.

त्या मे महिन्यात मी क्लाससाठी नवा कॉम्प्युटर घेतला. सुट्टीत पोरं गेम खेळायला येतात, म्हणून त्यात थ्रीडी कार्ड घालून घेतलं. नगरच्या सम्राटने जोडून दिला. एका दुपारी क्लास रिकामा असताना तात्या भिंतीला धरून, पाय ओढत पुढच्या खोलीत आले आणि त्या गाडीसमोर बसले. गाडी चालवायला बाणांची चारच बटणं लागतात, त्याला उजवा हात पुरतो. वर्षभरात त्यांनी स्वतःहून केलेली ही पहिली गोष्ट. आईने दारात उभं राहून पदर डोळ्यांना लावला.

त्या घाटात एक आडवं वळण होतं. तिथे आलं की वर माथ्यावर दगडी बांधकाम दिसायचं, लहानसं, कळस आणि वर निशाण असलेलं. परदेशातल्या कुणीतरी आपल्या गावची आठवण म्हणून काढलेलं असावं. तात्यांनी ते पाहिलं आणि त्यांचं बोट बटणावरच थांबलं.

"ठानं हाय का ते?"

"असेल."

"व्हय, ठानंच हाय. घाट राखनाऱ्या देवाचं." मग म्हणाले, "त्या दिवशी मी थांबलो न्हाई गं. माथ्यावर दर खेपेला गाडी उभी करून हात जोडायचो. त्या दिवशी बाजाराची घाई, मागं ट्रक हारन मारीत हुता. तसाच पुढं दामटली. आन् फुडच्याच वळनाला..." त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून दाखवला आणि मांडीवर टाकला. "मला एकदा तितं वर जायचंय."

म्हणजे हे होतं तर! वर्षभर मी या माणसाला हट्टी, आळशी, काय काय म्हणाले. त्यांना वाटत होतं, शिक्षा झाली आहे आणि शिक्षेत चालून काय होणार. मी म्हटलं, "जाऊ की, त्यात काय!"

पण त्या वळणावरच कॉम्प्युटर बंद पडायचा. ढगांवर रंगीत रेघा उमटायच्या, गाडी थिजायची आणि पडदा निळा व्हायचा. कार्डाला कसं चित्र काढायचं ते सांगणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. निळ्या पडद्यावर दर वेळी त्याचंच नाव यायचं, म्हणून मी त्याच्यामागे हात धुऊन लागले. जुना काढला, नवा घातला. रंग कमी केले, चित्र बारीक केलं. कार्ड खोचून पाहिलं. बाकी सगळं सुरळीत चालायचं, टायपिंग शिकणाऱ्या मुलींची कधी तक्रार नव्हती. तात्या घाट चढायला लागले की मात्र त्या वळणाच्या पुढे काही जायचं नाही. शेवटी एसटीडी बूथवरून सम्राटला फोन लावून मी त्याच्यावर तोंडसुख घेतलं.

"ताई, कार्ड चांगलं आहे," तो बिचारा म्हणाला. "आणखी नवा ड्रायव्हर आलाय. सीडी कंडक्टरच्या हाती पाठवतो."

सीडी आली त्या दिवशी आई तात्यांना तपासणीसाठी नगरला घेऊन गेली होती. मी ड्रायव्हर घातला आणि स्वतः गाडी चालवायला बसले. वळण पार झालं! पुन्हा चालवली, पुन्हा पार. दिवसभर मी घाट चढत-उतरत राहिले, मुद्दाम माथ्यापर्यंत मात्र गेले नाही. ते तात्यांचं होतं. संध्याकाळी ते रिक्षातून उतरतात न उतरतात तोच मी ओरडले, "तात्या, झालं! आता नाही बंद पडणार!"

सकाळी तात्या अंघोळ करून, टोपी घालून बसले. आडवं वळण आलं, ठाणं दिसलं आणि पडदा निळा झाला.

तात्यांनी टोपी काढली. "मी नसलो की चालतं ते," ते शांतपणे म्हणाले. "मला वर जाऊ द्यायचं न्हाई त्याला." ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

खरंच, काल आणि आज यात फरक तरी काय होता? तोच ड्रायव्हर, तोच गेम, तोच रस्ता. काल फक्त तात्या घरात नव्हते. मी शिकलेली मुलगी, पण क्षणभर माझ्या अंगावर काटा आला. त्या डोंगराला खरंच कळतं की काय, की समोर कोण बसलंय?

वैतागून मी वायर उपटायला मागे हात घातला आणि चटका बसून हात मागे घेतला. पत्रा इस्त्रीसारखा तापला होता.

कव्हर! आमच्या घरात उघडी वस्तू म्हणून नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रेडिओ बिघडून माळ्यावर गेला तरी त्याला कव्हर. कॉम्प्युटरच्या डब्यालाही आईने क्रोशाचं विणलं होतं, आणि रस्त्याची धूळ जाऊ नये म्हणून आतून मांजरपाटाचं जाड अस्तर लावून मागून नाड्यांनी बांधलं होतं. पुढे बटण आणि सीडीपुरती तेवढी खिडकी. कार्ड खोचताना ते सोडून मीच परत बांधलं होतं, पण रोज इतकं बघत होते की मला ते दिसतच नव्हतं. टायपिंगला कार्डाला काही कष्ट नसतात. पण घाट चढताना अख्खा डोंगर काढायचा, तोही अंगावर गोधडी पांघरून! कार्ड तापत होतं, आणि निळ्या पडद्यावर नाव मात्र बिचाऱ्या ड्रायव्हरचं येत होतं. काल सकाळी नगरला निघण्याआधी आईने कव्हर धुतलं होतं. दिवसभर ते दोरीवर वाळत होतं. संध्याकाळी तिनेच परत बांधलं.

मी नाड्या सोडत होते तेवढ्यात आई आली. "काढलंस का गं?"

मी सांगितलं. सांगणं सोपं नव्हतं, कारण ते कव्हर तिने नगरच्या दवाखान्यात, तात्या कुणाला ओळखत नव्हते तेव्हा, स्टुलावर बसून विणायला घेतलं होतं. तेव्हा ते कशासाठी होतं हेही ठरलेलं नव्हतं. हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून सुई चालत होती.

आईने कव्हर हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "म्हंजी इतके दिस मीच त्यांची वाट आडवून धरली हुती?"

"तू जीव लावलास गं. जरा जास्तच जाड लावलास."

"मग आधी नगं का सांगाया? एवढी शिकल्याली!" ती डोळे पुसत माझ्यावरच खेकसली, आणि मला बरं वाटलं.

तात्या उठेनात. मी त्यांना धरून पुढच्या खोलीत आणलं आणि त्यांचा उजवा हात पत्र्यावर ठेवला. "बघा किती तापलंय. देव नाही, उकाडा अडवत होता तुम्हाला." दुपारपर्यंत कॉम्प्युटर गार होऊ दिला, समोर टेबलफॅन लावला आणि पुन्हा त्यांचा हात तिथेच ठेवला. "आता?"

"गार हाय," ते पुटपुटले. मग टोपी मागितली.

त्यांचा डावा हात नेहमी गार पडतो. आईने मांडीवरच्या त्या हातावर कव्हर घडी घालून ठेवलं आणि मागे उभी राहिली. गाडी निघाली. आडवं वळण आलं, ठाणं दिसलं. वळण मागे गेलं. मग असं काही दिसायला लागलं की जे आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. ढग खाली राहिले, बर्फावर ऊन पसरलं, रस्ता चमकायला लागला आणि ते दगडी ठाणं हळूहळू मोठं मोठं होत समोर आलं. निशाण हलत होतं. एवढ्याशा डब्यात एवढं आभाळ कुठून आलं, मला आजही सांगता येणार नाही.

तात्यांनी गाडी कडेला घेतली आणि उभी केली. शर्यत चालू होती. मागून गाड्या सूं सूं करत पुढे गेल्या.

"जाऊ द्या त्यास्नी," ते म्हणाले.

त्यांनी कव्हराखालून डावा हात उजव्या हाताने उचलला, छातीपर्यंत आणला, दोन्ही तळवे एकमेकांना लावले आणि डोळे मिटले. डावा हात घसरायला लागला तेव्हा आईने मागून कोपराला आधार दिला.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"अगं," ते आईला म्हणाले, "ती काठी कुठं ठिवली?"