सिस्टर बेन्त्सिवांचे सात वार

संगणकाचं झाकण उघडलं तेव्हा आत आधी दिसली ती वाळू. मग गंज, मग एका पालीचा वाळलेला सांगाडा, आणि पंख्यात गुरफटलेला पांढरा दोरा. तो दोरा क्रोशाच्या रुमालाचा होता. सिस्टर बेन्त्सिवांनी हा संगणक तसल्या रुमालाखाली जपला होता आणि रुमालावर पुन्हा प्लास्टिक घातलं होतं. चालू असतानासुद्धा.

“सिस्टर, चालू असताना झाकायचं नसतं. त्याला हवा लागते,” मी म्हटलं.

“धूळ बसते ना पण.”

समुद्रकाठच्या आमच्या अपाम गावात टीव्ही, फ्रीज, रेडिओ, सगळ्यांच्या अंगावर क्रोशाचा रुमाल असतो. निम्मी यंत्रं खाऱ्या वाऱ्यानं मरतात आणि उरलेली मायेनं गुदमरून. माझं दुरुस्तीचं दुकान त्यावरच चालतं, म्हणून मी एरवी तोंड उघडत नाही. आज मात्र मला राग आला होता, कारण सिस्टरच्या मागे ती मुलगी उभी होती.

सिस्टर बेन्त्सिवा चौतीस वर्षं गावच्या सुईण. मीसुद्धा त्यांच्याच हातांवर जन्मलो. पायाळू होतो, आणि भर बाजारात कुणालाही त्या सांगतात, “हा एबो उलटा आला होता, अजून तसाच आहे.” त्यांच्या भाच्यानं हॅम्बुर्गहून हा संगणक आणि एक छोटा कॅमेरा पाठवला होता. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी एक नेम पाळला. बाळंतीण घरी जायला निघाली की तिला खिडकीपाशी बसवायचं, मांडीवर बाळ द्यायचं आणि एक फोटो काढायचा. पुढे, अकरा वर्षांपूर्वी, संगणक बंद पडला, फोटो आतच अडकले, आणि सिस्टरनी त्यावर नवा रुमाल घातला.

मागे उभी असलेली अबा ओतू पहाटेच्या गाडीनं तेमाहून आली होती. वय एकवीस, पाठीवर कापडानं बांधलेली तीन महिन्यांची मुलगी. अबा चार महिन्यांची असताना तिची आई तापानं गेली. घरात आईचे दोन फोटो होते, ते पत्र्याच्या पेटीसकट समुद्रानं नेले, घराची भिंतही नेली. बाप कोळी. तोही दोन वर्षांपूर्वी वारला, आजी त्याच्या आधीच गेली होती. आईचा चेहरा अबानं कधी पाहिलाच नव्हता.

“सासरी सगळे विचारतात, पोर कुणावर गेलीय,” ती म्हणाली. “आमच्यावर नाही, तुझ्यावर नाही, मग कुणावर? मी काय सांगू, एबोदादा?”

पासवर्ड सिस्टर केव्हाच विसरल्या होत्या, पण त्याची गरज पडली नाही. मी आतली हार्ड डिस्क काढून माझ्या संगणकाला जोडली. डिस्क फिरली, दोनदा खाकरली आणि थांबली. अशा म्हाताऱ्या डिस्कवर आमच्याकडे एक उपाय आहे. शेजारी गोठवलेल्या मासळीचं दुकान आहे. तिथल्या बाईनं आधी नाक मुरडलं, पण तिची चारही मुलं सिस्टरच्याच हातांवर झालेली. तिनं गुपचूप बांगडे सरकवून जागा केली. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून मी डिस्क दोन तास तिथे ठेवली. असं केलं की कधीकधी ती थंड असेपर्यंत काही मिनिटं चालते. एकदा, फार तर दोनदा.

तोवर सिस्टरनी आणलेला केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले उंडे, आणि तळलेली मासळी आम्ही तिघांनी मिळून खाल्ली. मी विचारलं, फोटो तारखेनं लावलेत का? नाहीत. कॅमेऱ्याची बॅटरी काढली की तो दर वेळी पहिल्याच तारखेवर जायचा. मग आईच्या नावानं? तेही नाही. सिस्टरनी सात फोल्डर केले होते, सोमवार ते रविवार. बाळ ज्या वाराला जन्मलं त्या वारात त्याचा फोटो.

“वारावरूनच तर नाव पडतं,” त्या म्हणाल्या. “मला वार विचार, मी पोर सांगते.”

हे ऐकून मला हायसं वाटलं. अबा म्हणजे गुरुवारची. यात शोधायचं काय! डिस्क जोडताच मी थेट गुरुवार उघडला आणि सगळा उतरवून घेतला. तीनशे एक्याण्णव फोटो पूर्ण आले, आणि डिस्क पुन्हा खाकरून थांबली.

सिस्टर चष्मा पुसून पडद्यासमोर बसल्या. मी बटण दाबत होतो, त्या सांगत होत्या. ही आता शाळेत शिकवते. याला कावीळ झाली होती. ही बाई तीन दिवस कळा देत होती आणि सगळा वेळ मला शिव्या घालत होती. हा गेला बिचारा. मी घाई करत होतो, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि बोट आपोआप हळू झालं. अकरा वर्षांनी त्यांना आपली माणसं भेटत होती. मध्येच त्या नुसत्याच “देवा, उपकार रे तुझे” म्हणाल्या आणि पुढे बघू लागल्या.

शेवटचा फोटो झाला. अबाची आई त्यात नव्हती.

“पुन्हा एकदा बघू या,” सिस्टर म्हणाल्या. आम्ही पुन्हा बघितलं. नव्हती.

डिस्क पुन्हा बांगड्यांत ठेवली, पण मी त्यांना स्पष्टच सांगितलं. आता एकदाच चालली तर चालेल, तीही अर्धीमुर्धी. वार सहा उरलेत, त्यातला एक निवडायचा. निदान सिस्टरना हवा असलेला एखादा वार तरी घेऊ या.

“माझं राहू दे,” त्या म्हणाल्या. “मी त्यांना पाहिलंय. हिनं पाहिलेलं नाही.”

बाळंतपणांची नोंदवही होती, पण तिला कधीच वाळवी लागली होती. अबाच्या दाखल्यावरची तारीख शाळेत घालताना बापानं अंदाजानं सांगितलेली. अबा मान खाली घालून मुलीला थोपटत होती. मग उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्यासारखी ती म्हणाली, “बाबा तुमची एकच गोष्ट सांगायचे, सिस्टर. त्यांनी मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तुम्ही त्यांच्यावर ओरडलात. म्हणालात, आधी ती सुई ठेव खाली, पोरीच्या डोळ्यात घालशील.”

“मी सगळ्यांवरच ओरडायचे,” सिस्टर म्हणाल्या. मग चष्मा काढून थांबल्या. “कसली सुई?”

“जाळ्याची. जाळं शिवत होते ना, तसेच धावत आले.”

“सकाळी?”

“हो. सकाळीच झाले मी.”

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं आणि मी दाराबाहेर, किनाऱ्याकडे. मंगळवार समुद्राच्या विश्रांतीचा. त्या दिवशी आमच्याकडे एकही होडी पाण्यात जात नाही. सगळे पुरुष वाळूत पाय पसरून जाळी शिवत बसतात. बाकीच्या दिवशी सकाळी कितीही हाका मारल्या तरी गावात बाप सापडत नाही.

“गुरुवारी तुझा बाप पाण्यात असता,” सिस्टर अबाला म्हणाल्या. “तू मंगळवारची आहेस गं. गुरुवारची अबा म्हणजे तुझी आजी. तिचं नाव दिलं तुला, तिच्या वारासकट. आणि मी मूर्ख, चौतीस वर्षं हेच काम करून नावावर गेले.”

“मीपण गेलो,” मी म्हटलं. मी स्वतः मंगळवारचा, एबो, आणि मलाही सुचलं नव्हतं.

तिसऱ्यांदा डिस्क जोडली तेव्हा ती करवतीसारखी आवाज करत होती. मंगळवारात साडेतीनशे फोटो होते. एकेक उतरत होता. दोनशे सातवर आवाज थांबला आणि तो कायमचाच थांबला. आता आलेत त्यांतच असायला हवी होती.

एकशे ब्याऐंशीव्या फोटोला सिस्टरनी माझा हात धरला.

खिडकीपाशी पिवळ्या कापडातली एक बाई. मांडीवर गाठोडं. समोरच्या दोन दातांत फट, आणि फोटोबाहेरच्या कुणाकडे तरी बघून ती मोकळं हसत होती.

“एसी मन्सा,” सिस्टर हळूच म्हणाल्या. “हीच गं, हीच तुझी आई.”

अबा रडली नाही. ती पडद्याजवळ गेली, बोटानं आपल्या दातांमधली फट चाचपली, मग पाठीवरची मुलगी सोडून पुढे घेतली आणि तिचं तोंड उघडून पाहिलं. आत नुसत्या हिरड्या.

“हिला अजून दातच नाहीत,” ती म्हणाली.

“येतील,” सिस्टर म्हणाल्या. “मग सासरच्यांना सांग.”

मी पुढचा फोटो दाबला. तो तिरका होता. त्यात एसी मन्सा होती, आणि तिच्या शेजारी, बाळ हातात घेऊन, अर्धी टोपी कापली गेलेल्या सिस्टर बेन्त्सिवा. खालच्या कोपऱ्यात काहीतरी तपकिरी, अंधूक.

सिस्टरनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. हजारो फोटो त्यांनी काढले, पण कॅमेरा त्यांच्याच हातात असायचा. त्यांना बसवून फोटो काढायला तिथे दुसरं कोण होतं?

“तुझ्या बापानं काढला,” त्या शेवटी म्हणाल्या. “म्हणाला, सिस्टर, तुम्हीपण बसा की. मी विसरूनच गेले होते.” आणि मग त्यांनीच डोळे पुसले. गावातल्या निम्म्या माणसांना ज्या हातांनी उजेडात आणलं, ते हात काम करताना मी प्रथमच बघत होतो.

या तिरक्या फोटोच्या दोन प्रती काढायच्या ठरल्या. छापण्याआधी सवयीनं मी कोपरा कापायला घेतला.

“हे काय आहे?” अबानं विचारलं.

“अंगठा आलाय मध्ये. काढून टाकतो.”

“राहू दे, एबोदादा,” ती म्हणाली. “बाबा आहेत ते.”

मी अंगठ्यासकट छापले. सिस्टरनी आपली प्रत क्रोशाच्या रुमालात नीट गुंडाळली, वरून प्लास्टिक घातलं, आणि या वेळी मी काही बोललो नाही.